दिवाळीनंतरची शाळा

त्या शाळेत मी रुजू झाले तो दिवस नीट आठवत नाही. आठवतं ते धुकं. ऑगस्ट महिना होता. पेठच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तेव्हा समोर रस्ता होता की दरी हे कळायला मार्ग नव्हता. माझं लहानपण एकलहऱ्याच्या वसाहतीत गेलं. वडील वीज केंद्रात होते. दोरीवरचे कपडे राख झटकूनच घरात आणायचे, अशी सवय. त्यामुळे पहिली काही मिनिटं ते धुकं मला धूरच वाटलं, आणि मी उगाच पदर नाकाला लावून उभी राहिले. तेवढ्यात धुक्यातून मोटरसायकलचा आवाज आला आणि रेनकोट घातलेले एक वयस्क गृहस्थ समोर थांबले.

"मॅडम ना? बसा. लय लांब नाय."

हे आमचे मुख्याध्यापक. दिंडोरीकडचे, शेतकरी घरातले, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेले. शाळा पहिली ते चौथीपर्यंतची. शिक्षक दोन, एक ते आणि एक मी. डोंगराच्या सपाटीवर तीसेक घरांचा पाडा, पाड्याच्या टोकाला दोन खोल्या आणि पुढे लांब ओटा. ओट्यावर उभं राहिलं की खाली भाताच्या खाचरांच्या पायऱ्या दिसत, पण त्या दिवशी काहीच दिसलं नाही. ओट्यावर मुलं रांगेत उभी होती. माझ्याकडे बघून आपापसात काहीतरी बोलत होती आणि मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

मराठी शिकवायला आलेल्या मला मुलांचं बोलणं कळत नव्हतं. घरी ती कोकणी बोलत. समुद्राकाठची कोकणी वेगळी, ही डोंगरातली, गुजरातकडे झुकणारी. मी 'इथे बस' म्हटलं की मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी काचेच्या पलीकडून बोलते आहे.

मला त्यातून बाहेर काढलं दुसरीतल्या, थोडी मराठी येणाऱ्या एका मुलीने. बारीक अंगाची, केस तेल लावून घट्ट बांधलेले, आणि बोलताना डोळे थोडे बारीक करायची सवय. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहिलीतलं एक मूल रडत होतं. मी त्याला काय झालं, काय दुखतं, असं विचारत बसले होते. ही उठून जवळ आली, त्याच्याशी दोन शब्द बोलली आणि मला म्हणाली, "बाई, त्याला कुठं दुखत नाही. त्याला तुमची भीती वाटते."

मग मी तिलाच शेजारी बसवून घेतलं. ती सांगायची आणि मी फळ्याच्या एका कडेला लिहायची. 'इथे' म्हणजे 'अठ'. 'तिथे' म्हणजे 'तठ'. मुलगा म्हणजे 'पोसा'. 'नाही' म्हणजे 'नीही'. मी चुकीचा उच्चार केला की सगळा वर्ग हसायचा, आणि ती मात्र न हसता पुन्हा म्हणून दाखवायची, अगदी बाईंसारखी. दोन महिन्यांत फळ्याची ती कड भरली. मग आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शब्द लिहून भिंतीला लावले. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. मुलं दोन्ही वाचायला लागली आणि माझ्या वर्गातली काच विरघळत गेली.

आता आमच्या केंद्राविषयी सांगायला हवं. आसपासच्या दहा-अकरा शाळा मिळून एक केंद्र होतं. बाजाराच्या गावातली मोठी शाळा ही केंद्रशाळा, तिथे सातवीपर्यंत वर्ग. केंद्रावर देखरेख ठेवणारे ते केंद्रप्रमुख. आमचे केंद्रप्रमुख उंच आणि हळू बोलणारे होते. पावसाळ्यात त्यांची मोटरसायकल अर्ध्या शाळांपर्यंत पोचायची नाही. मग ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढा ओलांडायचे आणि वर्गात शिरण्याआधी ओट्यावर बसून पाय पुसायचे. महिन्यातून एकदा केंद्रशाळेत सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरायची. परसबागेचे वाफे, वाचन दिवस, खिचडीच्या चवीची नोंदवही, पहिलीच्या मुलांची बैलगाडीतून मिरवणूक, शिष्यवृत्तीचे जादा तास, असे नाना उपक्रम तिथे ठरत. काही टिकायचे, काही पुढच्या परिषदेपर्यंत विसरले जायचे.

ऑक्टोबरच्या परिषदेत केंद्रप्रमुख म्हणाले, "प्रत्येक शाळेने आपला इतिहास लिहून द्यायचा. एक पान. केंद्रशाळेच्या भिंतीवर लावू. कुणाला माहीतच नाही की या डोंगरात शाळा कशा आल्या."

परत येताना मुख्याध्यापकांनी ते काम माझ्याकडे दिलं. "तुमचं अक्षर चांगलं हाय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. त्यांच्या पाठी वाळवीने खाल्लेल्या, पानं चहाच्या रंगाची. मी ती ओट्यावर घेऊन बसले. समोरच्या उतारावर खुरासणी, म्हणजे कारळे, फुलली होती. सगळा डोंगर पिवळा, आणि वाऱ्याने तो पिवळा रंग हलायचा. मी एक नाव वाचायची, वर बघायची, पुन्हा वाचायची. त्या दुपारच्या आठवणीत नावं आणि फुलं एकमेकांत मिसळून गेली आहेत.

नावांपुढे शेऱ्याचा एक रकाना होता. तिथे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईने लिहिलं होतं. 'दिवाळीनंतर गावी नाही.' 'पालकांसोबत बाहेरगावी.' 'होळीस परत.' एका शिक्षकाने तर सरळ रेघ ओढून एकाखाली एक सगळ्या नावांपुढे 'सदर' असं लिहीत नेलं होतं. अक्षरं बदलत होती, शेरा तोच होता.

मी मुख्याध्यापकांना विचारलं, "ही मुलं कुठे जायची?"

"जायची नाय, जातात," ते म्हणाले. "आधी गवत कापायला, ऊसतोडीला. आता द्राक्षबागेत. आमच्याच भागात. भात झोडून झाला की पाडा खाली होतो."

पाड्यावर एक म्हातारबाबा होते, या शाळेच्या पहिल्या तुकडीतले. शाळा सुरू कशी झाली हे विचारायला मी त्यांच्याकडे गेले. ते अंगणात नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं वाळत घालत होते. त्यांनी मला बसायला घोंगडी दिली आणि काम न थांबवता बोलत राहिले. त्यांचं बोलणं अर्धं कोकणी, अर्धं मराठी, पण तोवर मला कळू लागलं होतं.

"पहिला गुरुजी आला तं आम्ही पळालो," ते म्हणाले. "जंगलात. आम्हाला वाटलं, टोचायला आला. तीन दिवस आला आणि बसून गेला. चौथ्या दिवशी आम्ही लांबून बघत बसलो. तो एकटाच मोठ्यानं उजळणी म्हणत होता. आम्हाला हसू आलं. जवळ गेलो तं धरला नाय आम्हाला. म्हणाला, बसा."

"शाळा कुठे भरायची?"

"गोठ्यात. सकाळी गुरं सुटली की आम्ही आत."

"आणि तुम्ही सगळे बाहेरगावी गेलात की गुरुजी काय करायचे?"

म्हातारबाबा हसले. "गुरुजी नाय गेला. त्याला हुकूम नव्हता ना. रोज यायचा, लोखंडाचा तुकडा टांगला होता तो वाजवायचा, गोठ्यापुढे बसायचा. माझी आजी म्हातारी, ती पाड्यावर राहायची. तिनं सांगितलं मला. रोज घंटा व्हायची, सुटीचीपण व्हायची. पोरगं एक नाय. आजी म्हणायची, त्या घंटेवर मी चूल पेटवायची."

रिकाम्या गोठ्यापुढे बसून शाळा सुटल्याची घंटा देणारा तो माणूस पुढे कितीतरी दिवस डोळ्यांसमोर यायचा. त्याचा चेहरा मला माहीत नव्हता. मनात तो कधी मुख्याध्यापकांसारखा दिसायचा, कधी माझ्या वडिलांसारखा.

इतिहासाचं एक पान मी लिहून दिलं. म्हणजे खरं तर पाच पानं झाली होती. केंद्रप्रमुखांनी ती केंद्रशाळेच्या ऑफिसात उभ्या उभ्या वाचली. मला वाटलं, काटछाट करतील. पण त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "हे भिंतीवर लावायचं नाही. यावर बसून बोलायचं." मग दिवाळीची सुटी लागली आणि ते बोलणं राहून गेलं.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा ओटा केवढा तरी मोठा दिसत होता. चारही वर्गांत मिळून पाच मुलं होती. प्रार्थना झाली ती इतकी बारीक आवाजात की खालच्या खाचरातल्या पक्ष्यांचं ओरडणं तिच्यापेक्षा मोठं वाटलं. पाड्यावर दारांना बाहेरून काटक्या लावलेल्या होत्या. दुसरीतली ती मुलगीही गेली होती. तिच्या घराच्या अंगणात कोंबड्याही नव्हत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "कार्ड दिलंय मी सगळ्यांना. तिथल्या शाळेत बसवतील." शिक्षण हमी कार्ड म्हणून एक योजना होती. बाहेरगावी जाणाऱ्या मुलाच्या हाती कार्ड द्यायचं, म्हणजे ते जिथे जाईल तिथली शाळा त्याला वर्गात घेणार. कार्ड छान होतं, त्यावर मुलाला काय काय येतं ते लिहायची जागा होती. मी तिच्या कार्डावर लिहिलं होतं, 'वाचन उत्तम. दोन भाषा येतात.'

महिना तसाच गेला. भिंतीवरचे शब्द वाचायला कुणी नव्हतं. मी आणि मुख्याध्यापक पाच मुलांना घेऊन एकाच खोलीत बसायचो. एका शुक्रवारी मी म्हटलं, "सर, ती बाग कुठे आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"मजुरांची टोळी कुठे गेली ते माहीत हाय. का?"

"मला जाऊन बघायचं आहे."

त्यांनी 'कशाला' असं विचारलं नाही. रविवारी सकाळी मी नाशिक रोडच्या घरून बसने दिंडोरीला गेले आणि तिथून ते मला मोटरसायकलवर घेऊन गेले. डिसेंबर संपत आला होता. दोन्हीकडे बागाच बागा, वर तारांवर पसरलेल्या वेली. ज्या बागेत आम्ही शिरलो तिथे मी दोन पावलं टाकून थांबले. वेलींच्या मांडवाखाली हिरवा उजेड होता, तळ्यात उतरल्यासारखा, आणि त्या उजेडात जिथवर नजर जाईल तिथवर वर्तमानपत्रं लटकत होती. शेकडो घड, प्रत्येक घड कागदात गुंडाळून वर टाचलेला. मुख्याध्यापक म्हणाले, उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना पेपर लावतात. मला माहीत नव्हतं. मी नाशिकची, द्राक्षं खात वाढले, आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

बाया हात वर करून घडांना कागद लावत होत्या. कुणीच फारसं बोलत नव्हतं, फक्त कागदांची सळसळ. आणि त्या सळसळीत मला एक आवाज ऐकू आला. कुणीतरी वाचत होतं. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत आवाज सरकत होता. "पाणी-पुर-वठा उद्या बंद... वधू पाहिजे... धरणा-तून..." मध्येच वाक्य तुटायचं, कारण कागद फाटलेला असायचा किंवा घडाच्या मागे वळलेला असायचा. मग आवाज वेलीला वळसा घालून मागच्या बाजूने उरलेलं वाचायचा.

ती मान मागे टाकून चालत होती. तिच्या मागे तीन-चार लहान मुलं होती आणि ती थांबली की तीही थांबायची. मला बघितल्यावर ती जागच्या जागी उभी राहिली. डोळे बारीक केले. मग म्हणाली, "बाई, इथं उलटं पण लावतात. उलटं वाचायला आलं मला."

तिची आई आली, तिने मान डोलावली आणि पाणी दिलं. काडीसारखी बारीक बाई, बोटं पेपरच्या शाईने काळी पडलेली. आम्ही ताडपत्रीच्या खोपीपुढे बसलो. मी विचारलं, "शाळेत जाते का ती इकडे?"

"चार दिवस गेली," आई म्हणाली. "मग नाय म्हणते."

"का गं?" मी मुलीला विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "मी चुकून 'अठ बसू?' असं विचारलं. सगळी हसली. मग मी बोललीच नाही. बाईंना वाटलं, मला बोलता येत नाही."

"कार्ड दिलं होतंस?"

"दिलं. त्यांनी ठेवून घेतलं."

माझ्या मनात त्या बाईंविषयी राग आला आणि लगेच ओसरला. ऑगस्टमध्ये माझ्यापुढे हीच मुलं उभी होती, तेव्हा मलाही वाटलं होतं की यांना काही येत नाही. मला शेजारी बसायला ही मिळाली, त्या बाईंना कुणी मिळालं नव्हतं, एवढाच फरक.

परतताना मोटरसायकलवर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, आमची बाग पण हाय. दोन एकर. आमच्याकडे पण टोळी येते. मी तीस वर्षं त्या पोरांना शिकवतो आणि दिवाळीनंतर त्यांच्यासारखीच पोरं माझ्या बागेत बघतो. घरी कधी बोललो नाय."

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती.

जानेवारीच्या परिषदेत केंद्रप्रमुखांनी माझे ते पाच कागद खिशातून काढले. घड्या पडून पडून मऊ झाले होते. त्यांनी ते सगळ्या शिक्षकांपुढे वाचले, शेऱ्याच्या रकान्यापासून रिकाम्या गोठ्यापर्यंत. मग म्हणाले, "हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईवडील गेले तरी मुलं गावातच राहतील. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला नातेवाइकांकडे नाहीतर शाळेत. आपल्या केंद्रात आजवर कुणी मागितलं नाही. कारण मुलं सांभाळायची कुणी, हा प्रश्न. कोण घेतं?"

मुख्याध्यापकांनी हात वर केला. निवृत्तीला आलेला माणूस, पण वर्गातल्या मुलासारखा सरळ हात.

योजना कागदावर सोपी होती. पाड्यावर ती सांगायला गेलो तेव्हा कळलं की आपण लोकांकडे काय मागतो आहोत. होळीला सगळे परतले होते. म्हातारबाबांच्या अंगणात बैठक बसली. एक बाप म्हणाला, "पोर आजारी पडलं तं?" दुसरा म्हणाला, "लहान भावाला मग बागेत कोण बघंल?" एक बाई मुलाला मांडीत आवळून बसली. म्हातारबाबा शेवटी म्हणाले, "आमच्या वेळी घंटा व्हायची आणि पोरं नव्हती. आता घंटा आणि पोरं एका जागी ऱ्हाऊ द्या." मुलांचा स्वयंपाक आणि सांभाळ करायला पाड्यावरचीच एक विधवा बाई तयार झाली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. हे सगळं ठरता ठरता पावसाळा आला आणि गेला.

आणि दिवाळीच्या तोंडावर ती मुलगी, आता तिसरीतली, मला म्हणाली, "मी नीही राहणार."

मी चकित झाले. हे सगळं जिच्यासाठी सुरू केलं, निदान माझ्या मनात तरी, तीच नाही म्हणत होती. "का?" मी विचारलं.

"तठ पेपर आहा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "आणि आई."

पेपरचं मी काहीतरी करू शकत होते. मुख्याध्यापकांनी बाजारच्या गावातल्या दुकानांतून जुनी वर्तमानपत्रं गोळा करायला सुरुवात केली. गठ्ठे मोटरसायकलला बांधून आणायचे. आईचं मी काय करणार होते? मी तिच्या घरी गेले. आई भात झोडत होती. मी म्हटलं, "तिचं मन नाही. जबरदस्ती करायची नाही मला."

आईने हात थांबवला. "बाई, तिकडं ती माझ्याशी बोलते, मग दुसऱ्या कुणाशी नाय. इथं सगळ्यांशी बोलते," ती म्हणाली. "यंदा राहू दे. मी सांगन तिला."

काय सांगितलं ते मला माहीत नाही. टोळीची गाडी निघाली त्या सकाळी मुलं ओट्यावर होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी कुणी हललं नाही. धुकं होतं, पातळ, हिवाळ्यातलं, जमिनीलगतचं. ती मुलगी ओट्याच्या काठावर पाय सोडून बसली आणि दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. मी तिला वर्गात ये म्हटलं नाही.

वसतिगृहात वीसच्या आत-बाहेर मुलं होती. पहिला पंधरवडा वाईट गेला. संध्याकाळी भाकरीचा वास सुटला की कुणीतरी एक रडायला लागायचं आणि मग सगळी. सांभाळणारी बाई प्रत्येकाला जवळ घेऊ शकत नव्हती. तिला दोनच हात होते. मी बाजारच्या गावी खोली घेऊन राहत होते, ती सोडून आठवड्यातले चार दिवस शाळेतच राहायला लागले. पहिलीतल्या एका मुलाचं खाणंच सुटलं. त्याचा बाप येऊन त्याला घेऊन गेला. जाताना मुलगा बापाच्या खांद्यावर इतका शांत झोपला होता की मला वाटलं, बरोबर तेच झालं.

बाकीची राहिली. हळूहळू संध्याकाळी वर्तमानपत्रांचं वाचन सुरू झालं. त्या मुलीने वर्गाच्या दोन खिळ्यांमध्ये सुतळी बांधली आणि त्यावर कागद टांगले, काही मुद्दाम उलटे. मुलं माना वाकड्या करून वाचायची. शेजारच्या दोन शाळांचे शिक्षक येऊन बघून गेले, आणि त्यांच्याकडेही पुढे सुतळ्या लागल्या. केंद्रप्रमुखांनी परिषदेत त्याला 'उलटं वाचन' असं नाव दिलं. उपक्रमांच्या यादीत ते नाव बघताना मला हसू आलं. त्या नावामागे कुणाची मान दुखली होती ते यादीत कुठे लिहिलं नव्हतं.

जानेवारीत मुख्याध्यापकांनी एका रविवारी स्वतःच्या घरचा पिकअप आणला. सगळ्या मुलांना त्यात बसवलं आणि आम्ही बागांकडे निघालो, आईवडिलांना भेटायला. रस्ताभर मुलं गात होती. बाग आली आणि ती गप्प झाली. मग एकदम उड्या मारून वेलींखाली पळत सुटली, हिरव्या उजेडात, कागदांच्या घडांखालून, आपापल्या आईचा आवाज शोधत. थोड्याच वेळात बागेभर नावं ऐकू येत होती, इकडून एक, तिकडून एक. मुख्याध्यापक बांधावर बसून होते. त्यांचा मोठा मुलगाही आला होता, तो बागेकडे बघत म्हणाला, "आबा, आपल्याकडच्या टोळीची पोरं पण अशी ठेवतात का कुठं?"

"विचारलं नाय कधी," मुख्याध्यापक म्हणाले. "विचारू."

ती मुलगी आईच्या कमरेला मिठी मारून उभी होती. मग आईचा हात धरून तिला एका घडापाशी घेऊन गेली आणि त्यावरचा कागद बोट ठेवून वाचून दाखवायला लागली. एकेक अक्षर. आई ऐकत नव्हती, तिच्या तोंडाकडे बघत होती. परतताना दोन मुलं गाडीत बसायला तयार झाली नाहीत. आम्ही त्यांना सोडून आलो. बाकीची पेठ यायच्या आत एकमेकांच्या अंगावर झोपली होती.

पुढच्या वर्षी आणखी दोन शाळांनी वसतिगृह मागितलं. मुख्याध्यापक निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते फार थोडं बोलले आणि त्यातलं अर्धं खिचडीच्या चवीविषयी होतं. म्हातारबाबा वारले. वसतिगृह एका वर्षी वेळेत मंजूर झालं नाही आणि तेव्हा सगळी मुलं पुन्हा टोळीबरोबर गेली. रजिस्टरात तो जुना शेरा मला माझ्या अक्षरात लिहावा लागला. त्यापुढच्या वर्षी वसतिगृह परत सुरू झालं. अशी ती गोष्ट सरळ रेषेत कधी गेली नाही.

माझी बदली नाशिकजवळच्या एका मोठ्या शाळेत झाली. निघायच्या दिवशी मी पाड्यावर घरोघर जाऊन आले. कुणी वरई दिली, कुणी नागलीचं पीठ. ती मुलगी तेव्हा केंद्रशाळेत सहावीत होती, रोज चार किलोमीटर चालत जायची. मी मुद्दाम उशिरा निघाले, वाटलं, भेट होईल. तिची आई दारात उभी होती. त्या वर्षी दिवाळीनंतर ती बागेत गेली नव्हती. नवऱ्याने खाचराच्या कडेला थोडी स्ट्रॉबेरी लावली होती, ती बघायला थांबली होती.

"ती कुठे आहे?" मी विचारलं.

आईला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"बुधवार हाय ना, बाई," ती म्हणाली. "शाळेत गेलीय."